टीव्ही बापाचा असतो

दत्ताराम, तुझ्या शोकसभेत माझं फार कौतुक झालं.

शाळेच्या हॉलमधले पंखे बंद होते. तुझ्या फोटोला घातलेला हार एवढा मोठा होता की तुझी मिशी, तोंड, हनुवटी सगळं त्याखाली गेलं होतं, फक्त डोळे वर राहिले होते. सरपंच उठले. तुझ्याबद्दल दोन वाक्यं बोलले, की साधा माणूस होता, कष्टाळू होता. मग माझ्याकडे वळले आणि त्यांचा आवाज चढला. "दत्तारामभाऊंचे रियाधचे मित्र हमीदभाई आज आपल्यात आहेत. हे साधे गृहस्थ नव्हेत, मंडळी! आज आपली नातवंडं टीव्हीला लावून खेळतात आणि उचलून हातात घेऊन फिरतात ते जपानी यंत्र निघणार, असं यांनी आखाती युद्धात, डोक्यावर क्षेपणास्त्रं येत असताना सांगितलं होतं!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत हे त्यांच्या उशिरा लक्षात आलं. मी मात्र उभा राहून हात जोडले, सवयीनं. बसताना तुझ्या डोळ्यांकडे नजर गेली. तोंड हाराखाली होतं म्हणून मी वाचलो. नाहीतर तू नेहमीसारखा एकच शब्द बोलला असतास. "चहा."

आपल्या रियाधच्या मराठी मंडळाच्या लोकांनी तुझ्यावर चार ओळी लिहून मागितल्या आहेत. हे चार ओळींत मावणार नाही. सरपंच म्हणाले ते मी सांगितलं नव्हतं, तू सांगितलं होतंस. त्या तुझ्या बोलण्याच्या जोरावर माझी बायको-मुलगी रियाधला आली आणि तुझी माणसं कधीच आली नाहीत. आता तू उत्तर देऊ शकत नाहीस, त्यामुळे माझ्यासारख्याला खरं बोलायला धीर येतो.

रियाधच्या अल मलाझ भागातलं आपलं ते दुकान आठव. पुढे काउंटरवर मी, मागे टेबलावर टेस्टर आणि सोल्डरिंगचं यंत्र घेऊन तू. टीव्ही, टेप, गाडीचे स्टीरिओ, व्हिडिओ गेम. मालक अबू फहद हा आपल्या दोघांचाही कफील, म्हणजे व्हिसाचा जामीनदार. त्याला आपल्याबद्दल एकच तक्रार होती, की कुठलीही गोष्ट विचारली तर या दोन हिंद्यांकडून दोन उत्तरं येतात. म्हणून त्यानं नियम केला होता. आधी आपसात भांडा, मग मला एक उत्तर द्या. त्यावर आपण आपला नियम जोडला. जो हरेल त्यानं चहा करायचा. बिनदुधाचा, पुदिना घातलेला, आणि तुझ्यासाठी साखर एवढी की चमचा उभा राहावा.

तू कधीच बरोबर नसायचास, हेही आज लिहून ठेवायला हवं. मेलेल्या माणसाला लोक उगाच शहाणा करतात. तू ठामपणे सांगितलं होतंस की युद्ध होणार नाही, नुसती धमकी आहे. हे सांगितल्यावर दुसऱ्याच दिवशी पहिला भोंगा वाजला. मोबाइल फोन आला तेव्हा म्हणालास, रस्त्यात उभं राहून घरच्या गोष्टी कोण बोलणार? व्हिडिओ कॅसेट मरणार नाही या खात्रीनं तू परत येताना कोऱ्या कॅसेटींचे खोके आणलेस. ते तुझ्या माळ्यावर अजून आहेत. परवा तुझ्या मुलानं, महेशनं मला दाखवले आणि विचारलं, "काका, हे कुणाला हवे असतील का?" तेव्हा मला आधी हसू आलं आणि मग जे आलं ते मी चष्मा पुसण्याच्या निमित्तानं आवरलं.

पण कंपनीच्या बाबतीत तू बरोबर होतास. व्हिडिओ गेम बनवणाऱ्या त्या जपानी कंपनीला आपण नुसतं 'कंपनी' म्हणायचो. सगळं रियाध तेव्हा विचारत होतं की इराक काय करणार, अमेरिका काय करणार. आपण दोघं विचारत होतो, कंपनी काय करणार? जपानमध्ये तिचं टीव्हीला लावायचं नवं मोठं यंत्र आलं होतं. दुसरीकडे तिचा तो हातातला खेळ होता, विटेसारखा जाड, चार बॅटऱ्यांचा, हिरवट पडद्याचा. माझं म्हणणं होतं की नवं यंत्र आलं की कंपनी हातातला खेळ बंद करणार. कोण शहाणा माणूस मोठा रंगीत टीव्ही सोडून त्या हिरव्या तळहाताएवढ्या काचेत डोळे घालेल?

"पोरगं," तू म्हणालास.

"पोरगं टीव्हीवर खेळेल."

"टीव्ही रिकामा असेल तर ना! हमीद, टीव्ही कुणाचा असतो?"

"घरच्यांचा."

"मेल्या, टीव्ही बापाचा असतो. बाप घरी आला की पहिलं काय करतो? पोराला उठवतो आणि बातम्या लावतो. आता तर लढाई आहे. आता बाप बातम्या सोडतच नाही. त्या पोरानं काय करायचं? बापाच्या तोंडाकडे बघायचं?"

मी म्हणालो, लढाई काय कायमची आहे? तू म्हणालास, लढाई संपेल, बाप संपणार नाही. आणि मग तू उठलास, समोरच्या शेल्फवरून गाडीचा स्टीरिओ घेतलास. तो दांडीचा असायचा ना, चोरीच्या भीतीनं लोक गाडीतून उतरताना दांडी धरून उपसून बरोबर न्यायचे, बाजारात बायका पर्स नेतात तसा पुरुष तो स्टीरिओ घेऊन फिरायचे. तू तो खोबणीत घातलास, बाहेर काढलास, पुन्हा घातलास.

"आत घातला की गाडीचा. उपसला की हातातला. कंपनी एक दिवस हेच करणार. दोन यंत्रं कशाला? एकच. टीव्हीजवळ खोबण. बाप आला, उपसलं, पोरगं निघालं खोलीत. तिथे तोच खेळ, तिथूनच पुढे."

मी एवढा हसलो की अबू फहदचा भाऊ काय झालं म्हणून मागे आला. त्याला मी अरबीत सांगितलं, दत्ताराम म्हणतो की जपानी लोक टीव्हीला दांडी लावणार आहेत. तोही हसला. तू स्टीरिओ कुशीत धरून उभा होतास आणि तुझे कान लाल झाले होते. दत्ताराम, त्या हसण्याबद्दल मला वाईट वाटत नाही. मित्रावर हसायचं नाही तर कुणावर? वाईट त्याच्यानंतरचं आहे.

भोंगे रोजचे झाले आणि अबू फहद कुटुंबाला घेऊन हाइलला सासऱ्याच्या गव्हाच्या शेतावर गेला. दुकान आपल्या दोघांवर. मागची स्टोअरची खोली आपण विषारी गॅसच्या भीतीनं फटी चिकटवून बंद केली. आपल्याकडे चिकटपट्टीला तोटा नव्हता, पण होती ती खोक्यांची, त्यामुळे सगळ्या खिडक्यांवर आणि दारावर लाल अक्षरांत 'नाजूक माल' असं छापलेलं. आत बसलेलं सर्वात नाजूक म्हणजे तू. तुला मास्क बसायचा नाही, मिशीमुळे कडेनं हवा शिरायची. मी म्हणालो, मिशी काढ. तू म्हणालास, मी घरून मिशीसकट आलोय, मिशीसकट जाईन. मग तू मिशीला खोबरेल तेल चोपडायचास, म्हणजे रबर नीट बसतं. त्या खोलीत विषारी वायू कधी आला नाही. खोबरेल तेलाचा वास मात्र अजून माझ्या नाकात आहे.

मास्क घालूनही आपण भांडायचो. एकमेकांचं काही ऐकू यायचं नाही, त्यामुळे दोघंही जिंकायचो.

मग ती दुपार. जेद्दाच्या व्यापाऱ्याकडे माल होता, दोन्ही प्रकारचा, पण ट्रक एकच मिळत होता. त्यात हातातले खेळ भरायचे की टीव्हीची यंत्रं, हे ठरवायचं होतं. अबू फहद हाइलहून असरच्या, म्हणजे दुपारनंतरच्या, नमाजानंतर फोन करणार होता आणि त्याला एक उत्तर हवं होतं. सकाळपासून आपलं चाललं होतं. मी टीव्हीच्या बाजूनं. तू हातातल्याच्या. मी म्हणालो, बॅटऱ्या किती लागतील! तू म्हणालास, बॅटऱ्यासुद्धा आपणच विकतो ना? मी म्हणालो, पडद्यात रंग नाही. तू म्हणालास, मास्कमधून कुठे रंग दिसतात? माझ्याकडे मुद्दे संपत आले होते, आवाज तेवढा शिल्लक होता. तेवढ्यात फोन वाजला. मी उचलला, कारण काउंटर माझा.

"यल्ला हमीद, एक शब्द. हातातला की टीव्हीचा?"

मी "टीव्हीचा" म्हणायला तोंड उघडलं आणि बाहेर पडलं, "हातातला."

"का?"

"अबू फहद, टीव्ही बापाचा असतो," मी म्हणालो. आणि मग तुझं सगळं, एकही शब्द न गाळता. बाप बातम्या सोडत नाही, पोरानं काय करायचं. वर दांडीच्या स्टीरिओचंही सांगून टाकलं, की एक दिवस कंपनी दोन्ही यंत्रं एक करणार, म्हणून हातातला माल पडून राहायची भीती नाही. तिकडे हाइलमध्ये अबू फहदची पोरं मागे रडत होती आणि बातम्यांचा आवाज फोनवर येत होता. तो एवढा मोठ्यानं हसला की मी फोन कानापासून लांब धरला. "वल्लाह, खरं आहे! माझी चारही पोरं माझ्या नावानं खडे फोडतायत. हे कुणाला सुचलं?"

तू माझ्यापासून हातभर अंतरावर उभा होतास. हातात पेचकस. तुला माझ्याइतकीच अरबी येत होती.

"मला," मी म्हणालो.

फोन ठेवला. मला वाटलं तू पेचकस फेकून मारशील. तू दोन्ही हात वर केलेस आणि दुकानभर नाचायला लागलास. "हरलास! हमद्या, हरलास! माझंच बोललास की नाही? चहा टाक!"

तुला तेवढंच दिसलं, दत्ताराम. मी तुझं म्हणणं मान्य केलं, एवढंच. मी ते खिशात घातलं हे तुला दिसलं नाही, की दिसूनही तुला ते महत्त्वाचं वाटलं नाही, हे मी आयुष्यभर ठरवू शकलो नाही.

मी स्टोव्ह पेटवला. किटलीत पाणी, पत्ती, पुदिना, तुझी मूठभर साखर. उकळी आली आणि भोंगा वाजला. आपण 'नाजूक माल'मध्ये पळालो. स्टोव्ह बंद करायचा राहिला. सगळं शांत झाल्यावर बाहेर आलो तर किटलीच्या तळाला काळी साखर जळून चिकटलेली आणि दुकानात धूर.

"चला, झाला चहा," मी म्हणालो.

"झाला? मी प्यायलो कुठे?"

"मी केला. इराकनं जाळला. माझा काय दोष?"

"माझ्या घशाखाली गेला नाही तोवर केला असं होत नाही."

हा वाद तिथे सुरू झाला आणि तुझ्या शेवटच्या दिवसापर्यंत चालला. लोकांना वाटायचं दत्तारामला चहाचं फार वेड.

माल आला आणि संपला. पोरांसाठी बाप घेऊन गेले, बापांसाठी आयांनी नेले, घरात शांतता राहावी म्हणून. अमेरिकन शिपाई यायचे, बॅटऱ्यांचे गठ्ठे घ्यायचे आणि वाळवंटात खेळायला हातातला खेळ. एका उंच शिपायानं तर दुकानातच पायरीवर बसून खेळायला सुरुवात केली, त्याचा अधिकारी त्याला शोधत आला आणि मग तोही बसला. तू मागून मला डोळा मारलास. "बघ, इथे याचा बापसुद्धा बसला."

लढाई संपली, अबू फहद परतला. त्यानं आपल्या दोघांना समोर उभं केलं. "हमीदचं डोकं आहे," तो म्हणाला, "आणि दत्तारामचे हात आहेत. दुकानाला दोन्ही लागतं." त्याच्याकडे मुदीरची, म्हणजे मॅनेजरची, एकच जागा होती. ती त्यानं मला दिली. माझ्या इकाम्यावरचा, म्हणजे तिथे राहायच्या परवान्यावरचा, व्यवसाय बदलला. तुझ्या इकाम्यावर मेकॅनिकच राहिलं. आणि तिथे कायदा असा की मेकॅनिकला बायको आणता येत नाही, मुदीरला येते.

तू तुझ्या हातांकडे बघत होतास. मी बोलू शकत होतो. एकच वाक्य लागत होतं. पण माझ्या डोळ्यांपुढे जुबेदा आली आणि आमची समीना, जिला मी तोवर फक्त फोटोत पाहिलं होतं. सुमनवहिनी आणि महेशही डोळ्यांपुढे यायला हवे होते. आले असते तर मी काय केलं असतं, ते मला माहीत नाही. मी त्यांना येऊ दिलं नाही, हे मात्र माहीत आहे.

बाहेर आल्यावर तू म्हणालास, "मुदीर झालास म्हणून चहा माफ नाही हां."

आमचं घर तूच रंगवलंस. अँटेना तूच बसवलीस. जुबेदाला घ्यायला विमानतळावर माझ्याबरोबर तूच आलास आणि समीनानं आधी तुझ्याकडे हात केले, कारण तुझ्याकडे बिस्किटं होती. दर शुक्रवारी तू आमच्याकडे जेवायचास. जुबेदा सुरमई तळायची आणि तू म्हणायचास, "भाभी, मासे बेस्ट. तुमच्या घरात चहा तेवढा करता येत नाही कुणाला." ती बिचारी लगेच उठायची. तू म्हणायचास, "तुम्ही नाही, हा." ती माझ्याकडे बघायची. मी टीव्हीवर बातम्या लावायचो.

तेव्हा मी तो चहा का केला नाही? मला करता येत होता. पण केला असता तर जुबेदानं विचारलं असतं, हा कशाचा चहा? मग कोण हरलं, कशावर हरलं, सगळं सांगावं लागलं असतं. मी नाही केला. त्याऐवजी मी गोष्ट सांगत राहिलो. मंडळाच्या गणपतीत, कुणाच्या निरोपाच्या जेवणात, ईदला. 'नाजूक माल'ची पट्टी, तुझी तेलकट मिशी, आणि शेवटी मी फोनवर काय बोललो ते. लोक पोट धरून हसायचे. दर वेळी तुझी मिशी जास्त तेलकट व्हायची आणि माझं डोकं जास्त हुशार. तू कोपऱ्यात बसून सगळ्यांबरोबर हसायचास. एकदाही म्हणाला नाहीस की ते माझं होतं. म्हणायचास ते एवढंच, "आणि चहा? चहाचं सांग की."

तुझ्या महेशला बाप माहीत होता तो कॅसेटवरचा आवाज म्हणून. तू रात्री जेवण झाल्यावर टेपसमोर बसून बोलायचास. अभ्यास कर, आजीला त्रास देऊ नकोस, आंब्याला पाणी घाल. तुझं झालं की मला म्हणायचास, "तू पण दोन शब्द बोल." आणि मी बोलायचो. "महेश बेटा, तुझे पप्पा मजेत आहेत." पाठीमागे समीना दुडूदुडू पळत असायची, तिचाही आवाज त्या कॅसेटीत जायचा. तो तिकडे कसा ऐकू येत असेल, हा विचार मला कितीतरी उशिरा सुचला.

मग आपण परतलो. तू गुहागरजवळच्या तुझ्या वाडीत, मी रत्नागिरीत. आणि एक दिवस माझ्या नातवानं बैठकीत ते यंत्र आणलं. टीव्हीशेजारी खोबण. त्यात यंत्र. तो खेळत होता. मी सवयीनं आत आलो, बातम्यांची वेळ होती, रिमोट उचलला. तो उठला, यंत्र उपसलं आणि खेळत खेळत आतल्या खोलीत गेला.

मी बराच वेळ रिमोट हातात घेऊन उभा होतो. टीव्ही लावलाच नाही.

तुला फोन करायला हवा होता. केला नाही. तुझाच आला.

"पाहिलंस?"

"काय?"

"गाडीचा स्टीरिओ."

"नाही बुवा. कुठे?"

"खोटारड्या," तू म्हणालास, आणि एवढा खोकून हसलास की सुमनवहिनींनी फोन काढून घेतला. त्याच आठवड्यात मी नातवाला सांगितलं की हे तुझ्या आजोबानं युद्धातच ओळखलं होतं. त्यानं ते त्याच्या मित्रांना सांगितलं, मित्रांनी कुणाला, आणि फिरत फिरत ते तुमच्या सरपंचांपर्यंत गेलं. कंपनीचा मालही एवढ्या जोरात पसरत नाही.

गेल्या वर्षी आपण पुन्हा फोनवर भांडायला लागलो होतो. कंपनी आता पुढे काय करणार? मी म्हणालो, आता टीव्हीची खोबण काढून टाकणार, सगळं हातात. कुणी टीव्ही बघतच नाही. तू म्हणालास, "म्हणूनच राहणार. बापानं टीव्ही सोडला, हमीद. बाप पण आता फोनमध्ये डोकं घालून बसतो. टीव्ही रिकामा पडलाय. आता टीव्ही म्हाताऱ्याचा. माझी नात मुद्दाम माझ्या टीव्हीला लावून खेळते. का? म्हातारा बाजूला बसतो म्हणून."

यावर माझ्याकडे उत्तर होतं. चांगलं उत्तर होतं. पुढच्या फोनला द्यायचं म्हणून राखून ठेवलं होतं.

शोकसभा झाली, लोक पांगले, आणि मी महेशबरोबर तुझ्या घरी आलो. वाटेत महेश म्हणाला, "काका, बाबांचं सगळं नीट झालं. कावळा पहिल्या झटक्यात शिवला." खरं सांगू? मला रागच आला. म्हणजे तुझी एकही इच्छा राहिली नव्हती? मग एवढी वर्षं चहा, चहा कशाला केलंस?

ओटीवर सुमनवहिनी, महेश, त्याची बायको, आणि ती नात जमिनीवर यंत्र घेऊन. तिथे मी सांगितलं. फोन, "मला" हा शब्द, मुदीरची जागा, इकामा. अजिबात तिखटमीठ लावलं नाही, त्यामुळे कुणी हसलं नाही. मला अशी गोष्ट सांगायची सवय नव्हती, मध्ये दोनदा अडलो.

महेश खाली बघत होता. मग म्हणाला, "म्हणजे ती जागा बाबांची होती? आम्ही तिकडे असतो?"

"हो."

"सगळे?"

"हो, बेटा."

त्यानं मान हलवली. माफ केलं असं म्हणाला नाही, आणि का म्हणावं? मग म्हणाला, "कॅसेटीत मागे एक मुलगी हसायची. मी आईला विचारायचो, ही कोण."

सुमनवहिनी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. म्हणाल्या, "हमीदभाय, मला नव्हतंच यायचं तिकडे. एवढ्या आमसुलांना ऊन कुठे दाखवलं असतं मी?" त्या खरं बोलल्या की माझ्यासाठी बोलल्या ते मला कळलं नाही. ते तुला लगेच कळलं असतं.

"म्हणजे हे आजोबांनी सांगितलेलं?" नातीनं विचारलं. हातातलं यंत्र तिनं उलटंपालटं करून पाहिलं, जणू तुझं नाव कुठे छापलेलं असेल. "मग ते मला कधी का नाही बोलले? व्हाय?"

"कारण त्याला दुसरंच काहीतरी हवं होतं," मी म्हणालो आणि उठलो. तुझी सून धावत आली, "काका, तुम्ही बसा, मी करते." मी म्हणालो, "तू नाही, मी." मागच्या अंगणात पुदिना होता, कुंडीत. कुणी लावला ते विचारलं नाही. पाणी, पत्ती, पुदिना, आणि मूठभर साखर. सून डबा मागे ओढत होती. मी शेवटपर्यंत गॅसजवळून हललो नाही. वर आकाशात आता काही नव्हतं, तरी हललो नाही.

काचेच्या ग्लासातून सगळ्यांना दिला. महेशनं घेतला. नातीनं एक घोट घेतला आणि तोंड असं केलं की तू खूश झाला असतास. तुझा ग्लास तुझ्या खुर्चीशेजारी स्टुलावर ठेवला, टीव्हीसमोर. नातीनं ते पाहिलं, उठली, यंत्र टीव्हीच्या खोबणीत बसवलं आणि तुझ्या खुर्चीच्या बाजूला खाली बसून खेळायला लागली. मी बातम्या लावल्या नाहीत.

मी हरलो, दत्ताराम. चहा गार व्हायच्या आत पी.